टाकीवरची काठी

धाकटीने आपलं वेळापत्रक स्वतः आखून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलं होतं. सकाळी कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, घरी आल्यावर चहा, चहानंतर दिवेलागणीपर्यंत कादंबरी आणि मग अभ्यास. कागदावर ते फार देखणं दिसायचं. प्रत्यक्षात कादंबरी दिवेलागणीला थांबायचं नाव घेत नसे आणि अभ्यासाच्या वाट्याला फक्त जांभया यायच्या. आई येता-जाता त्या कागदाकडे बघायची आणि काही बोलायची नाही. आईचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

घरात तिघीच. आई आतल्या खोलीत यंत्रावर पडदे शिवायची. दुकानांची, दवाखान्यांची, कोणाकोणाची कामं असायची आणि यंत्राची घरघर दिवसभर घरात भरून राहायची. ताई चष्म्याच्या दुकानात होती. भिंगांच्या कडा घासून ती फ्रेममध्ये नेमकी बसवायची हे तिचं काम. सारा दिवस स्टुलावर बसून तिची कंबर धरायची, आणि घरी आल्यावर ती पहिली कुठली गोष्ट करत असेल तर खुर्चीत धप्पकन बसायची. मग पाय समोरच्या पेटीवर टाकून म्हणायची, "हं, आण. काय लिहिलंस आज?"

कादंबरीची ती एकमेव वाचक होती. कादंबरी अद्भुत होती. म्हणजे चांगली होती असं नव्हे, त्या प्रकारची होती. पांढऱ्या धुळीच्या वाळवंटात एक नगर, आणि त्या वाळवंटातून कधीतरी काहीतरी चालून येणार आहे अशी नगरातल्या लोकांना भीती. ते काय आहे हे धाकटीलाही अजून ठरवता आलं नव्हतं, म्हणून सध्या ती त्याला नुसतं 'ते' म्हणत होती. नगराच्या मधोमध एक उंच बुरूज आणि बुरुजावर पहारेकरीण. पहारेकरणीला दोनच नियम. वर असेपर्यंत बसायचं नाही, आणि बदली आल्याशिवाय उतरायचं नाही, कारण बुरूज रिकामा राहिला की ते येतं. हे नियम सुचले त्या दिवशी धाकटी आनंदाने घरभर नाचली होती.

पहारेकरीण कशी दिसते हे ठरवताना तिने फार लांब जायचे कष्ट घेतले नाहीत. डोळ्यांवर आडवा हात धरून लांब बघायची ताईची सवय, मनगटाने केस मागे सारायची ढब, सगळं तिने बिनदिक्कत उचललं. ताईने ते प्रकरण वाचलं आणि खो खो हसली. "मला चढवलंस होय वर? लवकर उतरव बाई. मला गच्चीवरून खाली बघितलं तरी गरगरतं."

पण उतरवायचं राहून गेलं. त्याच आठवड्यात निकाल लागला आणि धाकटीचा सर्व्हेइंगचा विषय राहिला. पुन्हा राहिला तर वर्षच जाणार होतं. या वेळी आई बोलली. ओरडली नाही, यंत्र थांबवून इतकंच म्हणाली, की परीक्षा होईपर्यंत ते बाड बंद. धाकटीने शब्द दिला. आईने पडद्याच्या कापडाच्या तुकड्यात कादंबरीचे सुटे कागद बांधले, गाठ मारली आणि गाठोडं कपाटाच्या माथ्यावर ठेवलं. पहारेकरीण नुकतीच जिना चढून वर पोचली होती, तिथेच कादंबरी थांबली.

आता सर्व्हेइंगचं सांगायला हवं, कारण घोळ तिथून सुरू झाला. धाकटीच्या वाट्याला प्लेन टेबल आलं होतं. तीन पायांच्या तिवईवर एक लाकडी फळी, फळीवर घट्ट बसवलेला कागद, आणि कागदावर ठेवायची एक पट्टी, जिच्या दोन्ही टोकांना उभ्या पाती असतात. एका पातीतल्या फटीला डोळा लावायचा, लांबच्या वस्तूवर नेम धरायचा, आणि पट्टीच्या कडेने कागदावर रेघ मारायची. मग टेबल उचलून दुसऱ्या जागी न्यायचं आणि त्याच वस्तूवर पुन्हा रेघ मारायची. दोन रेघा जिथे कापतील तिथे ती वस्तू. तिसऱ्या जागेवरून रेघ मारली तर तीही तिथूनच जायला हवी. नाही गेली तर तीन रेघांचा एक छोटा त्रिकोण तयार होतो आणि तो त्रिकोण म्हणजे तुमची चूक. चूक सगळ्यांचीच होते, पण ती टाचणीच्या डोक्याएवढी असावी अशी अपेक्षा असते.

तिच्या जोडीला एक मुलगा होता, ज्याला सगळे बांबू म्हणत. उंची आणि अंगकाठी दोन्ही तशीच. टेप धरणं, खुंट्या ठोकणं आणि अखंड बडबड करणं ही त्याची कामं. दोघांनी कॉलेजच्या आवाराचा नकाशा करायचा होता. फाटकापाशी, उपाहारगृहापाशी आणि वर्कशॉपपाशी अशा तीन जागा ठरल्या. नेम धरायला उंच खुणाही होत्या. बॉयलरची चिमणी, ग्रंथालयाचा घुमट, मुख्य इमारतीवरचं घड्याळ, आणि मैदानापलीकडची पाण्याची टाकी. टाकी गोल, सिमेंटची, खांबांवर उभी, वर कठडा असलेला सज्जा आणि बाजूने लोखंडी शिडी. धाकटीने टाकीवरच्या उभ्या काठीवर नेम धरला. विजेसाठी बसवलेली काठी असावी, असं तिने गृहीत धरलं.

त्या दिवसांत घरी एक बारीकसा बदल झाला होता, पण धाकटीने तो मनावर घेतला नव्हता. ताई फार पाणी प्यायला लागली होती. दुकानातून आली की आधी चपला काढायची ती आता चपलांसकट पाण्याकडे जायची आणि उभ्याउभ्या बाटली संपवायची. ओठ फुटले होते. दोन-तीन दिवसांनी नाकाचा शेंडा लाल झाला आणि त्याची साल निघायला लागली. आई म्हणाली, अगं उन्हात कुठे फिरतेस? ताई गोंधळून म्हणाली, की ऊन तिला बघायलाही मिळत नाही, दुकानात तर दिवसाही दिवे लागतात. आईने मलम दिलं आणि विषय संपला.

पहिल्या तीन जागांच्या रेघा कागदावर आल्या तेव्हा धाकटी खूश होती. चिमणी एका टोकात मिळाली, घुमट मिळाला, घड्याळ जवळजवळ मिळालं. टाकी मात्र मिळेना. तिच्या तीन रेघांमधून तयार झालेला त्रिकोण इतका ऐसपैस होता की त्यात अख्खी टाकी खांबांसकट बसून वर जागा उरली असती. तिने पुन्हा तिन्ही जागा केल्या. दुसऱ्यांदा त्रिकोण वेगळाच आला, आणि पहिल्यापेक्षा मोठा.

सर्व्हेचे सर बारीक मिशांचे, मिश्कील गृहस्थ होते. त्यांनी कागद बघितला, मग टाकीकडे बघितलं.

"बाकी सगळं कॉलेज जागच्या जागी आहे. टाकी तेवढी पाय मोकळे करायला जाते वाटतं?"

बांबू फिदीफिदी हसला. सरांनी विचारलं, की नेम कशावर धरलास. धाकटी म्हणाली, वरच्या काठीवर.

"कुठली काठी?"

धाकटीने हात वर करून दाखवायला म्हणून टाकीकडे पाहिलं. टाकीचा माथा सपाट होता. कठडा होता, शिडीचं वरचं टोक होतं, आणि त्यापलीकडे नुसतं आभाळ. सरांनी सांगितलं, की टाकीवर काठी नाही आणि ते इथे आल्यापासून तरी कधी नव्हती. बांबूला विचारलं तर तो म्हणाला, मी कशाला बघतोय, मी टेप धरतो. सर जाताना म्हणाले, की ऊन फार आहे, टोपी घालत जा.

धाकटीला पटलं. ऊन होतंच. काठी दिसली असं वाटलं असेल. पण तीन जागांवरून, दोन वेळा, सहाच्या सहा रेघा मारताना तिने त्या काठीच्या मधोमध नेम धरला होता, हेही तिला स्वच्छ आठवत होतं. नसलेल्या वस्तूवर माणूस एकदा चुकून नेम धरेल. सहादा कसा धरेल, ते तिला कळेना.

त्या संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, की ताई बसत नाही.

पेटी जागेवर होती, खुर्ची जागेवर होती. ताई खिडकीपाशी उभी होती. तिथेच तिने चहा घेतला आणि जेवणही ओट्याशी उभं राहूनच उरकलं. धाकटीने खुर्ची पुढे ओढून बस म्हटलं तर ताई हो हो म्हणाली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. दुकानातही आज स्टूल बाजूला सारून काम केलं, असं तिनेच सांगितलं. कंबर दुखते म्हणून का, तर नाही. "बसावंसं वाटतं गं. फार वाटतं. पण बसायला गेलं की काहीतरी सोडून आल्यासारखं होतं." एवढं बोलून तिने मनगटाने केस मागे सारले.

धाकटीने कपाटाच्या माथ्याकडे पाहिलं. गाठोडं होतं तसंच होतं. तिला स्वतःचंच हसू आलं, आणि त्या हसण्यात काही दम नव्हता. आपण अद्भुत कादंबरी लिहितो म्हणून आपल्याला वाटेल ते वाटायला लागलं आहे, असं तिने स्वतःला बजावलं. इंजिनिअर व्हायला निघालेल्या मुलीने असा विचार करू नये, असंही बजावलं. मग समीकरणांचं पुस्तक उघडून एकच पान ती पुन्हा पुन्हा वाचत बसली.

दुसऱ्या दिवशी ढग होते, ऊन नव्हतं. बांबूला तिने लवकर बोलावलं होतं, आणि तो येईपर्यंत वर्कशॉपपाशी टेबल लावून ठेवलं. फटीला डोळा लावायच्या आधी तिने टाकीकडे नुसतं पाहिलं. माथा सपाट. मग ती वाकली आणि फटीतून पाहिलं.

काठी होती.

ती डोळा न हलवता बघत राहिली. काठी कठड्याच्या आतून हळूहळू डावीकडे सरकत होती. थोडं जाऊन थांबायची, पुन्हा सरकायची. पहारा असाच देतात. तिनेच लिहिलं होतं, चार पावलं चालावं, थांबावं, बघावं, पुन्हा चालावं. मग काठीच्या वरच्या भागातून काहीतरी बाजूला निघालं, वर गेलं आणि दोनदा हललं.

धाकटीचा हात शिकवलेला होता. डोळा फटीला असताना हाताने पट्टीच्या कडेने रेघ मारून टाकली. तिने मान वर केली तेव्हा टाकीवर कोणी नव्हतं, आणि बांबू खुंट्यांची पिशवी खांद्यावर टाकून शीळ घालत येत होता. त्याला तिने फटीतून बघायला सांगितलं. त्याने पाहिलं आणि विचारलं, काय बघायचंय? टाकी दिसली, छान आहे.

संध्याकाळी ताई दुकानातून आली. पाणी प्यायली. आई आत यंत्रावर होती. ताई खिडकीच्या चौकटीला खांदा लावून उभी होती आणि तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी संपली सांगावी तसा.

"तू अशी कशी गं? मी हात केला दोनदा. तू पाहिलंस, आणि कागदावर रेघ मारलीस."

धाकटीने विचारलं, कुठून हात केलास? ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, की दुकानातच होते मी, दुसरीकडे कुठे असणार. हात केल्याचं आपण का म्हटलं तेही तिला सांगता येईना. "मान वाकडी झाली असेल, झोप झाली नसेल," असं काहीतरी ती पुटपुटली. आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "लांब काहीतरी पांढरं आहे. पण आहे तिथेच आहे अजून."

खिडकीबाहेर समोरच्या घराची भिंत होती.

धाकटीला रडूच आलं. ताईचे पाय घोट्यापाशी सुजले होते, ओठांच्या चिरांत रक्त साकळलं होतं, आणि तरी ती उभी होती, आणि हे आपल्यामुळे आहे की आपल्याला भ्रम होतोय हे धाकटीला ठरवता येत नव्हतं. भ्रम असेल तर कागदावर चार ओळी लिहिल्याने काही बिघडत नाही. भ्रम नसेल तर लिहायलाच हवं. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येत होतं. आडवा येत होता तो आईला दिलेला शब्द आणि दुसऱ्या दिवशीची परीक्षा. नकाशाला शाई चढवायची बाकी होती, टाकीची जागा अजून रिकामी होती. तिने स्टूल घेतलं आणि गाठोडं खाली काढलं.

घाईत लिहिलं. पहारेकरणीला खाली आणायचं तर तिच्या जागी कोणीतरी हवं, कारण बुरूज रिकामा राहून चालत नाही. कोण, याचा विचार करायला वेळ नव्हता. नगरातल्या ज्या दोघा-चौघांना तिने आतापर्यंत नाव-रूप दिलं होतं त्यांना पुढच्या प्रकरणांत कामं होती. म्हणून तिने लिहिलं, की एके दुपारी बदली आली, आणि पहारेकरीण जिना उतरून आपल्या घरी गेली. बदली कोण ते नंतर भरू, असं ठरवून तिथे थोडी जागा कोरी सोडली. कागद बांधले, गाठ आईने मारली होती तशीच मारली आणि गाठोडं परत वर ठेवलं.

ती खाली उतरते तोच मागून आवाज आला. ताई खुर्चीत धप्पकन बसली होती. पाय पेटीवर होते. "आई गं," ती म्हणाली आणि तोंड उघडं ठेवून बसल्या जागी झोपली. धाकटीने तिच्या पायांवर चादर टाकली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. नकाशात टाकीची जागा तिने अंदाजाने भरली, सरांच्या भाषेत सांगायचं तर थाप मारली, आणि शाई चढवून मोकळी झाली.

सकाळी ती बाहेर पडली तेव्हा आई म्हणाली, दोन घास बसून खा. धाकटी उशीर होतोय म्हणाली. उशीर होत नव्हता. वाटेत बाटलीतलं पाणी संपलं म्हणून तिने कॉलेजच्या नळावर ती पुन्हा भरली, आणि तीही संपवली.

बाहेरचे परीक्षक वयस्कर होते, डोक्यावर टोपी, खिशात तीन पेनं. त्यांनी वर्कशॉपपाशी टेबल लावायला सांगितलं. सर बाजूला उभे होते, बांबू टेप घेऊन तयार होता. परीक्षकांनी नकाशा बघितला, टाकीवर त्यांची नजर थोडी रेंगाळली. मग त्यांनी नेहमीचाच प्रश्न दिला. समजा, तू कुठे उभी आहेस हे तुला माहीत नाही. चिमणी, घुमट आणि घड्याळ तीन दिसतात आणि तीन कागदावर आहेत. तुझी जागा काढून दाखव.

याची कृती धाकटीला तोंडपाठ होती. कागदावर एक पारदर्शक कागद ठेवायचा, त्यावर एक ठिपका काढायचा, आणि त्या ठिपक्यातून तिन्ही खुणांकडे तीन रेघा मारायच्या. मग तो पारदर्शक कागद नकाशावर सरकवत राहायचं, तिन्ही रेघा आपापल्या खुणेवरून जाईपर्यंत. तशा गेल्या की ठिपक्यातून टाचणी टोचायची. टाचणी जिथे रुतेल तिथे तुम्ही उभे आहात.

तिने फटीला डोळा लावला आणि चिमणीवर नेम धरला.

चिमणीचं तोंड दिसत होतं. काजळीने माखलेली गोल कड आणि तिच्या आतला काळा खड्डा. तिला क्षणभर समजलंच नाही, की यात विचित्र काय आहे. मग समजलं. जमिनीवर उभं राहून चिमणीच्या तोंडात वरून पाहता येत नाही.

तिने डोळा काढला. चिमणी उंच होती, नेहमीसारखी, आभाळात गेलेली.

"घे, घे, घाबरू नकोस," परीक्षक म्हणाले.

तिने रेघ मारली. घुमटावर नेम धरला. घुमटाच्या माथ्यावर कबुतरांची घाण साचलेली दिसली. रेघ मारली. घड्याळ छपराच्या कडेखाली अर्धं झाकलेलं दिसलं. रेघ मारली. पारदर्शक कागद सरकवताना तिन्ही रेघा तिन्ही खुणांवर अलगद येऊन बसल्या. तिने टाचणी टोचली.

टाचणी टाकीत रुतली.

परीक्षकांनी मान वाकडी करून बघितलं आणि पुन्हा करायला सांगितलं. तिने पुन्हा केलं. टाचणी त्याच भोकात गेली. मग ते स्वतः वाकले, स्वतः तीन नेम धरले, स्वतः रेघा मारल्या. त्यांची टाचणी वर्कशॉपच्या कोपऱ्यावर उतरली, जिथे सगळे उभे होते.

"टेबल तेच, कागद तोच," ते सरांना म्हणाले. सरांची नेहमीची थट्टा कुठे गेली होती कोण जाणे. ते धाकटीकडे बघत होते, आणि मग टाकीकडे.

परीक्षकांनी टोपी सारखी केली. पद्धत अगदी बरोबर आहे, उत्तर चुकलंय, असं म्हणाले. पद्धतीचे गुण दिले. ती पास होती. डोळे मात्र तपासून घे, असंही सांगितलं. बांबूने तिच्यासाठी सावलीत खुर्ची आणून ठेवली होती. धाकटी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर तिने आईला पास झाल्याचं सांगितलं. आईने यंत्र थांबवून तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आता काढ ते बाड, म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली. धाकटीने गाठोडं काढलं, सोडलं, कपाटाच्या फळीवर कागद ठेवून उभ्यानेच लिहायला घेतलं. ती बदली खाली उतरली, एवढं एक वाक्य हवं होतं. पेन चालत होतं. पण कागदावर येत होती ती छपरं. छपरं, गच्च्या, चिमणीचं तोंड, मैदानाच्या टोकाला पांढरी धूळ, आणि धुळीत कालच्यापेक्षा जवळ आलेलं काहीतरी. तिने पान फाडलं, दुसरं घेतलं. दुसऱ्यावरही छपरंच आली. वर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसतं तेवढंच तिला लिहिता येत होतं, आणि उतरणं वरून दिसत नाही.

ताई आली तेव्हा तिचे ओठ बरे होत आले होते. ती हसत होती, तिने पास झाल्याबद्दल धाकटीच्या पाठीत धपाटा घातला, आणि खुर्चीत बसली. "हं, आण. काय लिहिलंस?"

"ताई, तू लिही," धाकटी म्हणाली. "एकच पान. मी सांगते."

ताईला मौज वाटली. आपल्याला कुठलं लिहिता येतंय, असं म्हणत तिने पेन घेतलं आणि मांडीवर कागद ठेवला. धाकटीने सांगितलं, ताईने दुकानातल्या पावत्यांवरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, की बदलीचा पहारा संपला आणि ती जिना उतरून घरी गेली. धाकटी वाट बघत होती. पाय ठणकत होते. काही झालं नाही.

"अशी कशी गेली?" ताई म्हणाली. तिने कादंबरीचं पान न् पान वाचलं होतं. "तिच्या जागी कोण चढलं? बुरूज रिकामा राहत नाही ना?"

धाकटीने अंगाचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

"मागच्या पानावर पण जागा कोरी सोडलीस. असं नको करूस, वाचणाऱ्याला चुटपुट लागते." ताई पेनाचं टोक गालाला लावून विचार करत होती. "जिला उंचीची भीती नाही अशी कोणीतरी हवी. काम अर्धवट न टाकणारी. आपल्या आईसारखी. घालू आईला?"

नको म्हणायला धाकटीने तोंड उघडलं. तोंड कोरडं पडलं होतं, गुडघे जळत होते, आणि लांबवर ते पांढरं आता सरकत होतं, ते तिला स्पष्ट दिसत होतं. नको म्हणायला एक क्षण लागला असता. तो क्षण तिने जाऊ दिला.

ताईने खाली वाकून लिहिलं.

धाकटीचे गुडघे वाकले. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली, आणि तिला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. ताई कागदावर फुंकर घालत होती.

आतल्या खोलीत यंत्र थांबलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"पाणी संपलं का गं?" आईने आतून विचारलं.